कढईत उकळतं ते पाणी, तेल नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत चकलीची रेसिपी आली होती, भाजणीचं प्रमाण एकदम बरोबर, मोहन किती घालायचं तेही बरोबर, पण तळणाच्या जागी लिहिलं होतं की कढईतलं तेल चांगलं उकळू द्या आणि मग चकल्या सोडा. ती एक ओळ काही केल्या डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसली. आमचा नागपूरच्या महाल भागात फराळाचा घरगुती उद्योग आहे, दिवाळीच्या तोंडावर कामाला नव्या पोरी येतात, हुशार असतात, हात चांगला चालतो, पण बहुतेक जणी कढईजवळ उभ्या राहून बुडबुड्यांची वाट पाहतात. दुधाला उकळी येते, चहाला येते, मग तेलाला पण येणार असं त्यांना वाटतं आणि त्यात त्यांचा काय दोष, सगळीकडे तसंच तर लिहिलेलं असतं. "काकू, तेल अजून उकळून नाही राहिलं" असं म्हणतात आणि मी वळून पाहते तर कढईवर निळसर धूर.

संपादक साहेब, तेलाला उकळी येतच नाही. घरच्या गॅसवर उघड्या कढईत कितीही वेळ ठेवा, आधी धूर येतो, मग तेल स्वतःच तुटायला लागतं, मग आग. उकळीचा टप्पा मधे कुठेच नाही. आणि जो टप्पा नाहीच त्याची वाट पाहायला आपण लोकांना सांगून राहिलो, तेही दिवाळीत, जेव्हा घरोघरी दिवसभर कढई चढलेली असते.

कारण अगदी सोपं आहे. दूध, चहा, वरण, रस्सा, या सगळ्यात पाणी असतं, म्हणून ते १०० अंशाच्या आसपास उकळतात आणि कितीही गॅस मोठा केला तरी त्याच्या फार वर जात नाहीत (नागपूर समुद्रापासून ३१० मीटर उंच आहे म्हणून आपल्याकडे पाणी ९९ अंशालाच उकळतं, पण तो फरक सोडून द्या). स्वैपाकघरातल्या पातळ गोष्टींत तेल आणि तूप याच दोन अशा की ज्यात पाणी जवळजवळ नसतंच. पाण्याचा रेणू हलका, रेणुभार १८. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेल्या फॅटी ॲसिडच्या तीन लांब साखळ्या, रेणुभार ८८० च्या घरात. चरबी आणि तेलं ग्लिसरॉल आणि फॅटी ॲसिडची बनलेली असतात हे शेव्रल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२३ च्या सुमारासच दाखवून दिलं होतं. आता एवढा जड रेणू द्रवातून सुटून वाफ व्हायचा म्हणजे इतकी उष्णता लागते की तिथपर्यंत पोहोचायच्या आधी त्या रेणूचेच जोड उसवतात. म्हणून तेल उकळण्याआधी जळतं.

मग चकली सोडल्यावर जो एवढा फेस येतो तो काय? तो पाण्याचा. चकलीच्या पिठात आपण पाणी घातलेलं असतं, ते १८० अंशाच्या तेलात गेल्या गेल्या वाफ होऊन बाहेर पडतं, त्या वाफेचे बुडबुडे तेलातून वर येतात आणि आपल्याला वाटतं तेल उकळून राहिलं. ही गोष्ट आपल्या आज्या पुस्तक न वाचता वापरत होत्या, फेस कमी झाला, आवाज बसला की चकली झाली, काढ. म्हणजे पीठातलं पाणी संपलं. तूप कढवताना पण तेच, लोणी कढत असताना तडतड आवाज येत राहतो, तो थांबला की तूप झालं, आणि त्या क्षणी गॅस बारीक केला नाही तर बेरी काळी पडते. आवाज थांबल्यावर का जळतं? कारण जोपर्यंत लोण्यात पाणी होतं तोपर्यंत त्या पाण्याने टेम्परेचर १०० च्या आसपास अडवून धरलं होतं, पाणी संपलं आणि अडवणारं कोणी राहिलं नाही.

हेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय आणि जरा सविस्तर सांगते, कारण तळणाचं सगळं गणित यातच आहे. शाळेत आपण सगळे शिकलो की १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला १ कॅलरी लागते, आणि १०० अंशाच्या १ ग्रॅम पाण्याची वाफ करायला अजून ५४० कॅलरी लागतात. तेलाला मात्र १ ग्रॅम १ अंशाने तापवायला साधारण अर्धीच कॅलरी पुरते. आता एका गॅसवर १ किलो पाणी आणि तशाच दुसऱ्या गॅसवर १ किलो तेल ठेवा, दोन्ही ३० अंशावर. पाणी १०० ला पोहोचून नुकतं उकळायला लागेल तेव्हा तेल १७० अंशाजवळ गेलेलं असेल, म्हणजे तळायला तयार, आणि दिसायला एकदम शांत. इथपर्यंत ठीक. पण यापुढे काय होतं ते बघा. पाणी तिथेच १०० वर थांबून वाफ होत राहतं, त्याला आटायला खूप वेळ लागतो, तुम्ही फोनवर बोलून या, भाजी घेऊन या, पाणी १०० वरच. तेल थांबत नाही. त्याला थांबायची जागाच नाही. अजून तेवढाच वेळ ठेवलं तर ते धुराच्याही पलीकडे जातं. म्हणून पाणी उकळायला ठेवून माणूस दुसऱ्या खोलीत गेला तर चालतं, तेल ठेवून नाही.

आणि कढईत काही सोडलं की तेच तेल झपकन थंड पण होतं, यावर पण कोणी लिहीत नाही. १ किलो तेल १८० वरून १५० अंशावर यायला फक्त २५ ते ३० ग्रॅम पाण्याची वाफ व्हावी लागते, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी. एकदम सात-आठ आलूबोंडे सोडले, त्यांच्या ओल्या बेसनात एवढं पाणी सहज असतं, तेल खाली येतं, मग बोंडे तेलात नुसते पडून राहतात, वरचं कव्हर वेळेवर कडक होत नाही आणि आपण म्हणतो आज तेल फार प्यायले. तेल वाईट नव्हतं, घाणा मोठा टाकला. थोडे थोडे सोडा, तेल परत तापू द्या, मग पुढचे. घाई असेल तेव्हा हे पाळणं अवघड जातं हे मला माहीत आहे, ऑर्डर असली की आमच्याकडेही पोरींना टोकावं लागतं.

समोसा आतून कधीच १०० च्या फार वर जात नाही, कारण आतल्या आलूत पाणी असतं. बाहेरचा थर मात्र कोरडा होतो, आणि कोरडा झाला की त्याचं टेम्परेचर वाढून १४०-१५० च्या वर गेलं की तो खमंग तांबूस रंग आणि वास येतो. या रंगामागची रासायनिक क्रिया मयार्ड या फ्रेंच डॉक्टरने १९१२ मध्ये मांडली, तिला त्याचंच नाव आहे. उकडलेला मोदक पांढरा का आणि तळलेला तांबूस का, त्याचं उत्तर यात आहे, वाफेवर १०० च्या वर जाताच येत नाही.

अजून एक गोष्ट जी मला स्वतःला फार पटली. आपल्याला वाटतं पदार्थ तेलात असताना तेल पितो. तळताना वाफ आतून बाहेर येत असते, ती तेलाला आत शिरू देत नाही. तेल आत जातं ते मुख्यतः बाहेर काढल्यावर, पदार्थ थंड होताना आतली वाफ आकसते, पाणी होते, आत दाब कमी होतो आणि वर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून जे काय निथळायचं ते काढल्या काढल्या, गरम असतानाच, झारा कढईवर धरून दोन वेळा हलवून, आणि लगेच जाळीवर नाहीतर कागदावर. पाच मिनिटांनी कागदावर ठेवून काही उपयोग नाही, तोपर्यंत तेल आत गेलेलं असतं. रेसिपीत नुसतं "टिशूवर काढा" असतं, ते ताबडतोब का ते लिहिलं की माणूस पाळतो.

आता साबुदाणा वडा. उपवासाच्या दिवशी वडा फुटून तोंडावर तेल उडाल्याचं प्रत्येकीने ऐकलं असेल, काहींनी भोगलं असेल. यातही गुन्हेगार पाणीच. साबुदाणा म्हणजे सगळा स्टार्च, गरम तेलात वरचा थर चिकट होऊन आधी बंद होतो, आत ओला साबुदाणा आणि उकडलेला आलू, त्यातल्या पाण्याची वाफ होते पण बाहेर यायला वाट नाही, दाब वाढत जातो आणि वडा फटकन फुटतो. म्हणून साबुदाणा भिजवून नीट निथळायचा, आलू गरमगरम कुस्करून त्याची वाफ जाऊ द्यायची, दाण्याचं कूट भरपूर, वडा चपटा करायचा आणि गोळा फार घट्ट दाबायचा नाही. अख्खी मिरची चिरा न देता टाकली की तसंच होतं. फ्रीजरमधले वडे, कटलेट टाकताना वर बर्फाचे कण असतात तेही तसेच उडतात. मोहरी तडतडते तीसुद्धा दाण्याच्या आतल्या पाण्यानेच, फक्त ती छोटी असते म्हणून आपण भीत नाही. पापड कोरडा दिसतो पण त्यातही थोडा ओलावा उरलेला असतो, कडक तापलेल्या तेलात त्याची एका क्षणात वाफ होते आणि पापड फुलतो, तेल कमी तापलेलं असेल तर ती वाफ हळूहळू निघून जाते आणि पापड तसाच चिवट राहतो.

तेल तापलं की नाही ते मग ओळखायचं कसं? बुडबुड्यांवरून नाही. पिठाचा लहान थेंब सोडा, तळाशी जाऊन तिथेच रेंगाळला तर कमी आहे, लगेच वर येऊन फुलला तर तळायला ठीक, पडल्या पडल्या काळा व्हायला लागला तर गॅस बंद करा. लाकडी उलथन्याचं टोक बुडवून पण कळतं, लाकडात ओलावा असतो म्हणून त्याच्या कडेने बारीक बुडबुडे येतात. पण खरं सांगू, तळणाचा थर्मामीटर बाजारात मिळतो, तो घ्या. शंकरपाळे १५०-१६० वर, चकली, शेव १७०-१८० वर, पुरी १९० च्या आसपास. दहा हजाराचा मिक्सर आपण घेतो आणि चारपाचशेच्या थर्मामीटरला नाही म्हणतो, हे मला समजत नाही.

धुराबद्दल. प्रत्येक तेलाचं धूर सोडायचं टेम्परेचर वेगळं असतं आणि विदर्भात हे जास्त महत्त्वाचं, कारण आपल्याकडे तेलांचे प्रकार जास्त. जवसाचं कच्चं तेल १०७ अंशाच्या आसपासच धुरायला लागतं, म्हणजे ते तळणाचं तेलच नाही, वडाभातावर नाहीतर चटणीवर कच्चं घ्या. घाण्याचं शेंगदाणा तेल साधारण १६० ला, तेच रिफाइंड केलं की २३० पर्यंत टिकतं. रिफाइंड सरकी तेल २२० च्या आसपास, रिफाइंड करडई २६० च्या जवळ, साजूक तूप २५०. आजकाल घाण्याच्या तेलाची आवड परत आली, इतवारीत आणि गोकुळपेठेत घाण्याच्या तेलाची दुकानं निघाली, मलाही त्याची चव आवडते, फोडणीला, मुठियाला, पिठल्याला बिनधास्त वापरा, पण दिवसभर कढई चढणार असेल तर ते तेल धूर लवकर सोडेल हे लक्षात ठेवा. हा फरक का पडतो? घाण्याच्या तेलात सुटे फॅटी ॲसिड, थोडा चोथा, ओलावा राहिलेला असतो, त्यातलं सुटं ॲसिड आधी उडतं. आणि वापरलेल्या तेलात पण तेच वाढत जातं, म्हणून काल ज्या तेलाला २२० ला धूर आला नव्हता त्याला आज २०० ला येतो. धुरात डोळे चुरचुरतात, घसा धरतो, ते ॲक्रोलिन नावाच्या पदार्थामुळे, तेलातलं ग्लिसरॉल जळताना तो बनतो आणि तो विषारी आहे. सावजीच्या भाज्यांना तर्री पाहिजे म्हणून काही ठिकाणी मुद्दाम धूर निघेपर्यंत तेल तापवतात. तर्रीसाठी त्याची गरज नाही, मसाल्यातला रंग आणि स्वाद तेलात उतरायला त्याच्या कितीतरी खालचं टेम्परेचर पुरतं, आणि जास्त तापलेल्या तेलात तिखट टाकलं तर ते जळून काळंच पडतं.

आता आगीबद्दल, आणि इथे माझी कळकळीची विनंती आहे. धुरानंतर अजून तापवत गेलं तर ३०० अंशाच्या वर तेलाची वाफ इतकी सुटते की गॅसची ज्योत लागून पेटते, आणि साधारण ३६० ते ४०० च्या दरम्यान तेल ज्योतीशिवाय स्वतःहून पेट घेतं. मागे आमच्या गल्लीत एका घरी हेच झालं, कढई गॅसवर, दारावर कोणी आलं म्हणून बाई बाहेर गेल्या, परत आल्या तर कढईत ज्वाळा. घरातल्या मुलाने घाबरून मगभर पाणी टाकलं. छतापर्यंत भडका उडाला, पडदा पेटला, त्याचा हात आणि मान भाजली. तो मुलगा बारावी सायन्सचा होता. पाण्याची वाफ किती पटीने फुगते हे त्याने वाचलेलं असणारच, पण कढईशी त्याचा संबंध कोणी लावून दिला नव्हता.

तो संबंध असा. तेल पाण्यापेक्षा हलकं आहे, एक लिटर तेल ९२० ग्रॅमच्या आसपास भरतं. त्यामुळे पेटलेल्या तेलावर टाकलेलं पाणी वर राहून आग झाकत नाही, ते सरळ खाली तळाशी जातं. तळाशी ३०० अंशाच्या वरचं तेल. तिथे त्याची क्षणात वाफ होते आणि वाफ पाण्याच्या १७०० पट जागा घेते. एक ग्लास, २०० मिली पाणी म्हणजे ३४० लिटर वाफ, घरचे दहा रिकामे गॅस सिलेंडर भरतील एवढी, आणि ती कढईच्या तळातून एका झटक्यात वर येते. वर येताना सगळं तेल बारीक थेंब करून हवेत उडवते, आणि जे तेल आतापर्यंत फक्त वरच्या थरावर जळत होतं ते प्रत्येक थेंबाच्या चहूबाजूंनी हवा मिळून एकदम पेटतं. भडका होतो तो यामुळे.

म्हणून पेटलेल्या कढईवर पाणी कधीच नाही. आधी गॅस बंद, हात पोहोचत असेल तरच, नाहीतर सिलेंडरचा रेग्युलेटर. मग धातूचं मोठं झाकण, परात, ताट, जे काय असेल ते बाजूने सरकवत कढईवर ठेवायचं, वरून आदळायचं नाही. हवा बंद झाली की आग विझते. आणि मग ते झाकण उघडून बघायचं नाही, ही चूक फार होते, तेल अजून तेवढंच तापलेलं असतं, हवा मिळाली की परत पेटतं, पूर्ण थंड होऊ द्या. पेटलेली कढई उचलून बाहेर न्यायची नाही, हातातून सांडते आणि अंगावर येते. पीठ, बेसन टाकायचं नाही, बारीक पीठ हवेत उडालं की तेही भडकतं. आग कढईच्या बाहेर गेली असेल तर घरातले सगळे बाहेर, दार ओढून घ्या आणि १०१ नाहीतर ११२. हात भाजला तर बांगड्या, अंगठी लगेच काढा आणि नळाच्या साध्या थंड पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, तूप नाही. पाण्याची जागा इथे आहे, भाजलेल्या हातावर, पेटलेल्या कढईवर नाही.

वापरलेल्या तेलाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर तुमच्याकडे मधूनमधून बातम्या येत असतात. तेच तेल परत परत तापलं की त्यात तीन गोष्टी होतात, पदार्थातल्या पाण्याने ते तुटतं, हवेतल्या ऑक्सिजनने खराब होतं, आणि तुटलेले तुकडे एकमेकांना चिकटून ते घट्ट होतं. कढईच्या कडेला जो तपकिरी चिकट थर बसतो, घासून घासून निघत नाही, तो हाच. तेल घट्ट झालं की बुडबुडे लवकर फुटत नाहीत, फेस वर चढून येतो. असा फेस दिसला, वास खवट आला, रंग काळपट झाला की ते तेल गेलं. सरकारने १ जुलै २०१८ पासून नियम केला की तेलात असे खराब झालेले पोलर घटक २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाले की ते खायच्या कामाचं नाही, आणि १ मार्च २०१९ पासून रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्या धंदेवाल्यांनी त्याचा हिशोब ठेवून जुनं तेल अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्यायचं, त्यापासून बायोडिझेल बनतं. मोजायला मीटर मिळतं, तेलात बुडवलं की आकडा दाखवतं. नियम चांगला आहे, पण आमच्यासारखे छोटे उद्योग आणि रस्त्यावरचे ठेले ५० लिटरच्या खालीच असतात, त्यांना जुनं तेल कुठे द्यायचं हे कोणी सांगत नाही, मग ते नालीत जातं नाहीतर आणखी छोट्या ठेलेवाल्याला स्वस्तात विकलं जातं आणि परत लोकांच्या पोटात. तुमच्या वार्ताहराने नागपुरात वॉर्डनिहाय अशी गोळा करायची ठिकाणं कुठे आहेत ते शोधून छापलं तर शेकडो लोकांचं काम होईल. आम्ही तेल गाळून कॅनमध्ये साठवून ठेवतो, द्यायला तयार आहोत.

आणि आपलं शहर यासाठी परकं नाही हो. अमरावती रोडवरच्या लक्ष्मीनारायण संस्थेत १९४२ पासून रासायनिक तंत्रज्ञान शिकवतात, तेलाचं तंत्रज्ञान तिथे स्वतंत्र विषय आहे, त्या लोकांना घाण्याचं तेल, सरकी, जवस यातलं सगळं माहीत. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालं आणि १९५७ मध्ये नागपुरात आलं, तेव्हापासून देशभरातले फायर अधिकारी इथे येऊन शिकतात. एवढी माणसं इथे असताना नागपूरच्या घरात मुलगा कढईवर पाणी टाकतो हे मला फार लागतं. दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह होतो, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाची आठवण म्हणून, तेव्हा तुम्ही फोटो आणि बातमी छापता, चांगलंच आहे, पण एप्रिलमध्ये लोक कुरड्या, पापड वाळवत असतात, कढया चढतात त्या पोळ्यापासून दिवाळीपर्यंत, करंज्या, अनारसे, शेव, चिवडा, तेव्हा ही माहिती पाहिजे.

तेव्हा माझी मागणी अशी की फराळाच्या रेसिपीत जिथे तळण आहे तिथे किती अंशावर तळायचं ते लिहा आणि थर्मामीटर नसेल त्यांच्यासाठी पिठाच्या थेंबाची खूण लिहा. प्रत्येक तळणाच्या रेसिपीखाली एक ओळ कायमची ठेवा, तेल पेटलं तर पाणी टाकू नका, गॅस बंद करा, झाकण ठेवा, १०१. एका ओळीला जागा किती लागते. आणि दिवाळीच्या आधीच्या एखाद्या रविवारी या फायर कॉलेजच्या कोणा शिक्षकाकडून अर्धं पान लिहून घ्या, शक्य झालं तर त्यांच्या मैदानावर पेटत्या तेलावर पाणी टाकल्याचे फोटो सुद्धा काढून छापा, सुरक्षित अंतरावरून, म्हणजे ज्यांना वाचायला वेळ नाही ते नुसतं बघतील. ते पान मी आमच्या कामाच्या जागी कढईसमोरच्या भिंतीवर लावीन आणि ओळखीच्या सगळ्या बचत गटांना झेरॉक्स करून देईन.

आपली नियमित वाचक,
एक फराळ उद्योजिका
महाल, नागपूर